गाळलेलं कडवं

लाराए ऑलरेडने कविता लॅमिनेट करून आणली, तेव्हाच मरिनने ओळखलं, आता हिच्यातलं एक अक्षरही बदलायचं नाही.

लाराए तिची सासू. चर्चच्या मंडळींत कुणाचा मुलगा धर्मप्रचाराची दोन वर्षं संपवून परतला, कुणाच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, कुणी शाळेतून निवृत्त झालं, की लाराएची कविता ठरलेली. चार-चार ओळींची कडवी, घट्ट यमकं, भोवती गुलाबांची वेलबुट्टी. एफ्राइम गावातल्या निम्म्या फ्रिजांवर चुंबकाखाली तिच्या कविता लटकत होत्या. मरिन कॉलेजात साहित्य शिकलेली. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने त्या कवितांना मनातल्या मनात भरपूर नाकं मुरडली. मग एकदा पलीकडच्या विधुर म्हाताऱ्याकडे सूप द्यायला गेली, तर त्याच्या बायकोवरची कविता त्याने ओट्यावरच्या कपाटाला लावलेली दिसली. कडा फाटल्या होत्या, चिकटपट्टीवर चिकटपट्टी चढली होती. त्यानंतर तिचं नाक मुरडणं बंद झालं. पण आपल्या कविता मात्र तिने कधी सासूला दाखवल्या नाहीत.

"गुरुवारी तू वाचायचीस," लाराए म्हणाली. अंगातला कोट न काढताच ती पाळण्यापाशी गेली होती. "माझा गळा तिसऱ्या कडव्याला दाटून येतो. सिस्टर जॉर्गनसन म्हणाली, सुनेला वाचू दे, कॉलेजात शिकलीये, होऊ दे त्या शिक्षणाचा काहीतरी उपयोग."

"कशावर आहे, मॉम?"

"कशावर म्हणजे? या बाईसाहेबांवर." लाराएने पाळण्यातल्या नातीच्या, हॅटीच्या, तळपायाला बोट लावलं. हॅटीने पाय आखडला. "बघ, लाथा मारते. जानेवारीत हिच्या अंगात पापणी उचलायचा जोर नव्हता."

मरिनने चकचकीत कागद हातात घेतला. पहिलं कडवं, दुसरं कडवं. तिसरं कडवं तिने दोनदा वाचलं.

*माय बिचारी गुडघ्यांवरती, दिवसभर ना उठली,*
*पाण्याचाही घोट न घेता प्रार्थना ना तुटली;*
*हात बांधुनी देवापाशी मागे एकच दान,*
*तिच्या श्रद्धेच्या बळावरच वाचला इवला प्राण.*

"छान आहे," मरिन म्हणाली.

"छान नाही, खरं आहे," लाराए म्हणाली, आणि कोटाची बटणं लावत निघून गेली.

खरं काय ते एकट्या मरिनला माहीत होतं.

जानेवारीत हॅटीची छाती भरली. दोन महिन्यांचं पोर, श्वास घेताना फासळ्यांमधली कातडी आत ओढली जायची. प्रोव्होच्या हॉस्पिटलात तिच्या नाकात एक नळी प्राणवायूची आणि एक दुधाची. इकडे एफ्राइमला बिशपने रविवारी सगळ्या मंडळींना तिच्यासाठी उपास करायला सांगितलं. म्हातारेकोतारे, शाळकरी पोरं, टर्की पक्ष्यांच्या शेडवर मरिनच्या नवऱ्याबरोबर, कोल्बीबरोबर, कामाला असलेली माणसं, सगळे दोन्ही वेळा जेवले नाहीत. संध्याकाळी हॅटीचा ताप उतरायला लागला. मंगळवारी प्राणवायू कमी केला. एवढं सगळं अगदी खरं.

पण त्या दिवशी मरिन गुडघ्यांवर नव्हती. दुपारी नर्सने तिच्यासमोर जेवणाचा ट्रे ठेवला. दूध पाजणाऱ्या बाईने उपास करायचा नसतो, हे चर्चही सांगतं, तेव्हा जेवण्यात काही पाप नव्हतं. मरिनच्या घशात अडकलं होतं ते दुसरंच. जेवण्याआधी तिने डोळे मिटून प्रार्थना करून पाहिली, आणि आत काहीच नव्हतं. शब्द नाही, राग नाही, देवही नाही. होता तो फक्त यंत्राच्या पडद्यावरचा आकडा, वर जाणारा, खाली येणारा. तिने डोळे उघडले आणि जेवली. ताट स्वच्छ केलं. नर्सने विचारलं तेव्हा आणखी एक पुडिंग मागून घेतलं. आणि ते चवीला चांगलं लागलं. आपलं लेकरू असं पडलेलं असताना कुठल्या आईला पुडिंग चांगलं लागतं, हा प्रश्न तेव्हापासून तिचा पिच्छा सोडत नव्हता.

महिन्याचा पहिला रविवार मंडळींच्या उपासाचा. फेब्रुवारीतल्या त्या रविवारी, ज्याला वाटेल त्याने पुढे जाऊन आपल्या श्रद्धेची साक्ष सांगायची असते तेव्हा, लाराए व्यासपीठाशी गेली आणि तिने ही गोष्ट सांगितली. सून कशी दिवसभर गुडघ्यांवर होती तेही सांगितलं. लाराएला कुणी तसं सांगितलं नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे ते चित्र होतं, आणि चित्रातल्या आया गुडघ्यांवरच असतात. सभा सुटल्यावर बायका मरिनचा हात हातात घेऊन दाबत राहिल्या. मरिन हसली. तिथेच घोडं अडलं. मार्चच्या तशाच रविवारी लाराएने गोष्ट पुन्हा सांगितली, आणि त्यात न प्यायलेलं पाणीही आलं. मरिन पुन्हा तोंडात मिठाची गुळणी धरून बसली.

आता बोलायचं तर सासूला चारचौघांत खोटं पाडायचं. आणि बोलायचं म्हणजे ज्यांनी आपल्या मुलीसाठी भूक सोसली त्यांना सांगायचं, की तुम्ही मागत होतात तेव्हा मी मागतही नव्हते. त्यानंतर कुठल्या तोंडाने त्यांच्यात बसायचं? याखेरीज एक भीती होती, ती तिने कोल्बीलाही सांगितली नव्हती. तिला वाटायचं, हॅटीचं बरं होणं चुकीच्या नावावर जमा झालंय. आपण तोंड उघडलं की वरचं कुणीतरी कागद तपासेल, म्हणेल, अरे, ही तर ती नव्हे, आणि दिलेलं काढून घेईल. हे वेडेपण आहे हे तिला कळत होतं. कळत असूनही ती हॅटीच्या फासळ्यांवरचा हात उचलत नव्हती.

गुरुवारी रिलीफ सोसायटीचा, म्हणजे चर्चच्या महिला मंडळाचा, वाढदिवस होता. चर्चच्या बास्केटबॉल खेळायच्या हॉलमध्येच टेबलं मांडली होती, वर कागदी टेबलक्लॉथ, प्रत्येक टेबलावर बरणीत डॅफोडिल्स. मयताच्या जेवणाला हमखास होतात ते चीज-बटाटे, हॅम, गाजर किसून घातलेली जेली. सिस्टर जॉर्गनसन या मंडळाच्या अध्यक्ष; या चर्चमध्ये प्रत्येक बाई 'सिस्टर'च. सहा फुटी बाई, मेंढ्या राखण्यात जन्म गेलेला. त्या माईकशिवायच बोलायच्या.

"बायांनो, जेली संपल्याशिवाय कुणी घरी जाणार नाहीये," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी मी ती चार दिवस खाल्ली. आता लाराएची कविता, आणि वाचणार तिची सून."

मरिन टेबलाखाली कोल्बीला मेसेज करत होती. श्वास कसाय? त्याने हॅटीचा झोपलेला फोटो पाठवला, खाली लिहिलं, आत-बाहेर, आत-बाहेर. चेष्टा करत होता. तिने फोटो मोठा करून गळ्याखालचा खळगा आत ओढलेला नाही ना, हे पाहिलं आणि मग उठली.

तिने वाचायला सुरुवात केली.

*चुली थंड अन् ताटं पालथी, उपाशी सारं गाव,*
*ओठांवरती एकच होतं हॅटीचं या नाव...*

आवाज बरा निघत होता. बायकांचे चेहरे मऊ झाले. पुढच्याच टेबलाशी लाराए ओठ हलवत तिच्याबरोबर म्हणत होती, पोरांच्या नाटकात आया करतात तशी. दुसरं कडवं संपलं. मरिनची नजर तिसऱ्याच्या पहिल्या शब्दावर गेली, आणि तिथून खाली घसरली. तिने चौथं कडवं वाचलं. मग पाचवं. टाळ्या झाल्या. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. फक्त लाराएचे ओठ मधेच थांबले होते, आणि मग ते परत हलले नाहीत.

जेवणानंतर चर्चच्या स्वयंपाकघरात सासू भांडी घासत होती, सून पुसत होती.

"उजेड पडला असेल प्लास्टिकवर," लाराए म्हणाली. "चकाकतं ते. ओळ सुटते."

मरिनला कळलं, सासू तिला दार उघडून देतेय. हो म्हणायचं आणि बाहेर पडायचं.

"उजेड नव्हता, मॉम. मी गाळलं ते."

लाराएने ट्रेवरचं जळकं खरवडायला घेतलं. "का? यमक ओढून आणलंय म्हणून? तुमच्या कॉलेजात यमक चालत नाही, माहितीये मला."

"यमक ठीक आहे. मी गुडघ्यांवर नव्हते."

"बरं, खुर्चीत असशील. देवाला खुर्चीतून ऐकू येतं."

"मी प्रार्थनाच केली नाही. तुम्ही सगळे उपाशी होतात आणि मी जेवत होते. दोन पुडिंगं खाल्ली मी."

तेवढ्यात सिस्टर जॉर्गनसन हातात तीन ट्रे घेऊन आत आल्या. ट्रेच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणींची नावं. "हा कुणाचा, वाचता येत नाही. आणि जेली उरलीच." त्यांनी दोघींकडे पाहिलं. "सासू-सुनेचं चाललंय का काही? मी जाते. नाही, थांबते. माझं घर लांब आहे, घरी गेल्यावर विचार करत बसेन."

"थांबा," लाराए म्हणाली. तिचा आवाज कोरडा झाला होता. "हिने काहीतरी लिहिलंही असेल. लिहिते ही. कोल्बी सांगत होता. लिहिलंयस ना?"

मरिनने होकारार्थी मान हलवली.

"मग वाच. माझं गाळलंस, तर तुझं तरी वाच."

मरिनच्या फोनमध्ये होतं ते. हॅटीला पाजताना एका हाताने टाइप केलेलं. सिंकपाशी उभं राहून, पुसायचं फडकं खांद्यावर टाकून तिने वाचलं.

*तुम्ही सगळे उपाशी होतात तेव्हा*
*मी बटाटे खाल्ले, कोंबडी खाल्ली,*
*वाटी निपटून पुडिंग खाल्लं.*
*गोड होतं.*
*मी देवाला हाक मारली नाही.*
*यंत्र बोलत होतं, मी त्याचंच ऐकत होते.*
*मग पंप लावला, दूध आलं,*
*नळीतून थेंब थेंब तिच्या पोटात गेलं.*
*तुमची भूक कुठे गेली मला माहीत नाही.*
*माझं जेवण कुठे गेलं ते मी पाहिलं.*

सिस्टर जॉर्गनसननी हातातला ट्रे ओट्यावर ठेवला, आवाज न करता, आणि त्या कुठे बघू कळेना म्हणून त्याच्या बुडावरचं नाव वाचत राहिल्या.

"यमक नाही," लाराए म्हणाली.

"नाही."

"आणि ते 'गोड होतं' एकटंच का ठेवलंयस एका ओळीत?"

"तेवढंच होतं ते. त्याच्याशेजारी काही बसेना."

लाराएने हात पुसले. नीट, एकेक बोट. "मला साखरेचा त्रास आहे, मरिन. डॉक्टर मला उपास करू देत नाही. मी त्या दिवशी पाणीसुद्धा घेतलं नाही. दुपारी मला चक्कर आली, तर मी जमिनीवर आडवी झाले आणि म्हटलं, तिकडे ती करतेय, इकडे मी करतेय, आम्ही दोघी मिळून ओढू हे पोर. पूर्ण दिवस मला असं वाटत होतं की माझ्याशेजारी तू आहेस." ती थांबली. "म्हणजे मी एकटीच होते."

आपल्याला खोटं ठरवलं म्हणून सासू चिडेल, देवावर व्याख्यान देईल, बिशपकडे पाठवेल, याची मरिनने तयारी केली होती. याची केली नव्हती.

लाराएने आपला ट्रे उचलला आणि ती गेली.

"वाईट वाटून घेऊ नकोस," सिस्टर जॉर्गनसन म्हणाल्या. मग विचार करून म्हणाल्या, "नाहीतर घे. वाटलंच पाहिजे थोडं." त्यांनी जेलीचा डबा मरिनच्या हातात दिला. "मी नवऱ्याच्या मयताला प्रार्थना केली नव्हती. मेंढ्या व्यायच्या होत्या, मी शेडमध्येच होते. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पण माझ्यावर कुणी कविता केली नव्हती, तेवढं माझं नशीब."

दुसऱ्या दिवशी दुपारपासून मरिनच्या दारात डबे यायला लागले. सिस्टर जॉर्गनसननी कविता कुणाला सांगितली नव्हती. एवढंच म्हणाल्या होत्या की मरिनचं मन जड आहे. या मंडळींत कुणाचं मन जड आहे असं कळलं की ओव्हन पेटतात. चीज-बटाटे आले, एन्चिलादा आले, गरम पाव आले. बायका दारातच उभं राहून म्हणायच्या, काही बोलायची गरज नाही गं, फक्त खा. मरिन प्रत्येकीला धन्यवाद देत होती आणि प्रत्येक डब्यागणिक तिला जास्तच चोरट्यासारखं वाटत होतं. सगळं गाव तिला जेवायला घालत होतं; पुन्हा खाणारी तीच होती.

कोल्बी एन्चिलादा खाता खाता म्हणाला, "मॉमशी बोलू का मी?"

"काय बोलशील?"

"तेच तर कळत नाहीये."

लाराए मात्र आली नाही. रोज दुपारी हॅटीला बघायला येणारी बाई आठवडा उलटला तरी फिरकली नाही. मरिनला तिच्या गाडीच्या दाराचा आवाज इतका सवयीचा झाला होता, की ती वेळ झाली की उगीचच ओटा पुसायला लागायची.

एप्रिलचा पहिला रविवार चर्चच्या महासभेचा असतो, म्हणून उपासाचा रविवार मार्चच्या शेवटी आला. शनिवारी दुपारी फोन वाजला.

"पुडिंग कसलं होतं?" लाराएने विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"चॉकलेटचं."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"हं," लाराए म्हणाली आणि फोन ठेवला.

रविवारी सभागृह भरलेलं होतं. प्रभुभोजनाचं पाव-पाणी फिरून झालं. उपाशी पोटांची गुरगुर, लहान पोरांच्या डब्यांतल्या कोरड्या कॉर्नफ्लेक्सचा खुळखुळाट. मरिनच्या मांडीवर हॅटी, हॅटीच्या फासळ्यांवर मरिनची बोटं. बिशपने आपली साक्ष सांगून सर्वांना जागा मोकळी करून दिली. एक पोरगा घाईघाईने बोलून गेला. मग पुढच्या बाकावरून लाराए उठली.

मरिनने हॅटीला आणखी जवळ ओढलं.

लाराए ठेंगणी, म्हणून बिशपने बटण दाबलं आणि व्यासपीठावरचं भाषणाचं मेज घूं करत खाली गेलं. तिने रुमाल काढला नाही. आधीच्या दोन्ही वेळा काढला होता.

"जानेवारीत आमची हॅटी आजारी पडली ते तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही सगळ्यांनी तिच्यासाठी उपास केला. मीही केला, डॉक्टरला न विचारता. तो इथे बसलाय, त्याने ऐकून न ऐकल्यासारखं करावं." कुणीतरी हसलं. "मी फार भुकेली होते त्या दिवशी. आणि फार घाबरलेली. एवढं मी शपथेवर सांगू शकते. पुढचं मी दोनदा सांगितलंय तुम्हाला, हॉस्पिटलात काय झालं ते. पण मी हॉस्पिटलात नव्हते." ती थांबली. मरिनला वाटलं, संपलं, आता ही खाली येईल. "जी होती ती चौथ्या बाकावर बसलीये. तिला सांगायचं असेल तर सांगेल. नसेल तर नसेल, आणि कुणी तिला बाहेर गाठून विचारायचं नाही. येशू ख्रिस्ताच्या नावाने, आमेन."

"आमेन," मंडळी म्हणाली.

लाराए खाली आली नाही. व्यासपीठामागच्या खुर्च्यांत, गाणाऱ्यांच्या जागेवर जाऊन बसली, आणि मांडीवर हात ठेवून समोर पाहत राहिली.

बोलायची जागा रिकामी होती. दोन बाक मागे कुणीतरी खोकलं. सिस्टर जॉर्गनसन भजनाचं पुस्तक उलटं धरून वाचत होत्या. मरिनला ठाऊक होतं, थोडा वेळ गेला की कुणीतरी उठेल, पाऊस किंवा नातवंडं यांवर बोलेल, आणि हे सगळं पुढे सरकेल. लाराएने तिला ढकललं नव्हतं. जाता येईल एवढी वाट ठेवली होती, न जाण्याचीही.

कोल्बीने तिच्याकडे न बघता हात पुढे केले. "दे इकडे तिला."

बोटं उचलायला वेळ लागला. हॅटी बापाच्या खांद्यावर गेली, त्याच्या टायचं टोक तोंडात घातलं. मरिनने एकदा गळ्याखालचा खळगा पाहिला. मग ती उठली, गुडघे आकसून घेणाऱ्या माणसांपुढून बाजूला सरकली, आणि मधल्या वाटेने पुढे गेली. तिथून हॅटीचा श्वास दिसत नव्हता.

ती सासूपेक्षा उंच. बिशपने बटण दाबलं, मेज घूं करत वर यायला लागलं, आणि ते थांबेपर्यंत सगळे थांबले. समोर उपाशी माणसांचे ओळखीचे चेहरे होते. लाराए मागे होती, ती दिसत नव्हती, पण तिच्या खुर्चीची करकर ऐकू आली. ती पुढे सरकून बसली असावी.

"मला भूक लागली होती," मरिन म्हणाली.